चिमुकले बेडूक : त्यांचें घर आणि त्यांचा घांस



मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांना पाणी आलें, कीं आपल्या प्रयोगशाळेच्या दाराशीं दरवर्षीं कोणीतरी विद्यार्थी बाटली घेऊन उभा राहतो. बाटलींत गढूळ पाणी असतें आणि त्या पाण्यांत भेदरलेला एक बेडूक असतो. "सर, हा आपण पाळूं या का?" हा त्याचा प्रश्न ठरलेला, आणि "जेथून आणलास तेथेंच त्याला सोडून ये," हें माझें उत्तरही ठरलेलें. मुलगा हिरमुसून परत जातो. त्याची हौस मोडावी अशी माझी इच्छा नसते. परंतु रानांतला बेडूक हा रानाचा आहे. शेतांतले किडे खाऊन तो शेतकऱ्याचें काम करीत असतो. बाटलींत तो चार दिवसही सुखानें राहत नाहीं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील अनेक बेडकांना संरक्षण दिलें आहे, आणि बेडकांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याच्या व्यापारावर सरकारनें १९८७ सालीं बंदी घातली, हेंही आपणांस ठाऊक असावें.

मग ज्याला बेडूक जवळून न्याहाळावयाचा आहे त्यानें काय करावें? पहिला मार्ग सर्वांत चांगला आणि बिनखर्ची आहे : पावसाळ्यांत तळ्याकांठीं स्तब्ध बसावें आणि पाहावें. दुसरा मार्ग असा, कीं जे बेडूक पिढ्यान् पिढ्या कांचेच्या टाक्यांतच वाढत आले आहेत व जे शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात, त्यांपैकीं एखादी लहान जात घरीं किंवा शाळेंत ठेवावी. आपल्या प्रयोगशाळेंत असे चार बेडूक आहेत. त्यांचें घर कसें तयार करावें आणि त्यांना खावयास कसें घालावें, हें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे. त्याबरोबरच माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहें; कारण ह्या विषयांतील मुख्य धडा मी पुस्तकांतून नव्हे, तर त्या चुकींतून शिकलों.

हा बेडूक कोणता?

ह्या बेडकाचें शास्त्रीय नांव ‘हायमेनोकायरस बोएट्गेरी’ असें आहे. १८९६ सालीं शास्त्रीय ग्रंथांत त्याची प्रथम नोंद झाली. ‘पडदा’ आणि ‘हात’ ह्या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हें नांव बनलें आहे, आणि तें अगदीं सार्थ आहे. कारण बहुतेक बेडकांच्या मागील पायांनाच पडदे असतात, ह्याच्या मात्र पुढील पायांच्या बोटांमध्येंही पडदे असतात. आफ्रिका खंडाच्या पश्चिम व मध्य भागांत, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन आणि कांगो ह्या प्रदेशांतील सखल अरण्यांमध्यें, उथळ व संथ पाण्यांत हा राहतो. दुकानदार त्यास ‘आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग’ म्हणतात. आपण त्यास बुटका पाणबेडूक म्हणूं.

ह्याची लांबी तीन ते चार सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी किंवा त्याहून किंचित् अधिक. रंग मातकट तपकिरी, त्यावर काळसर ठिपके. कातडी बारीक पुरळ उठल्यासारखी खरबरीत. मागील पायांच्या तीन-तीन बोटांना इवलीं काळीं नखें. नीट सांभाळ झाला तर तो सुमारें पांच वर्षें, क्वचित् त्याहूनही अधिक जगतो.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील बेडूक कांहीं काळ पाण्यांत व कांहीं काळ जमिनीवर राहतो. हा मात्र जन्मभर पाण्यांतच राहतो. तरीही तो मासा नव्हे. वाढ झालेल्या बेडकास कल्ले नसतात, फुप्फुसें असतात. म्हणून थोड्याथोड्या वेळानें तो तळापासून तीरासारखा वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हां खालीं जातो. पाठ्यपुस्तकांतील बेडूक चिकट जीभ फेंकून किडा पकडतो. ह्यास जीभच नाहीं! भक्ष्य अगदीं तोंडाशीं आलें, कीं तो एकाएकीं जबडा उघडतो. तोंडाच्या आंतील पोकळी वाढते आणि पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आंत खेंचलें जातें. पिचकारीचा दट्ट्या मागें ओढला म्हणजे पाणी आंत येतें, तोच हा प्रकार होय.

त्याचे डोळे लहान आहेत व त्याची नजर अधू आहे. नीट पाहिल्यास अंगाच्या दोन्ही बाजूंस शिवणीच्या टाक्यांसारखी बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. पाण्यांतील सूक्ष्म हालचाल ओळखण्याचें तें इंद्रिय आहे. माशांच्या अंगावरही अशीच रेषा असते. मुख्यतः वास आणि ही हालचाल, ह्या दोहोंच्या आधारानें हा बेडूक आपलें अन्न शोधतो. विद्यार्थ्यांनीं हें वाक्य लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

खरेदी करतांना एक सावधगिरी बाळगावी. ह्याच्याच कुटुंबांतील ‘झेनोपस’ नांवाचा नखवाला बेडूक दुकानांत ह्याच नांवानें खपविला जाण्याचा संभव असतो. पुष्कळदां तो पांढऱ्या रंगाचा असतो. लहानपणीं दोघे सारखेच दिसतात. पण झेनोपसची मादी दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तोंडांत मावेल तो मासा गिळते. ओळखण्याची खूण सोपी आहे. झेनोपसच्या पुढील पायांचीं बोटें मोकळीं असतात व डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात. आपल्या बुटक्या बेडकाच्या पुढील बोटांमध्यें पडदे असतात व डोळे बाजूंस असतात.

घर

तीन-चार बेडकांसाठीं सुमारें चाळीस लिटर पाण्याची कांचेची टाकी असावी. टाकी उंच नसावी, पसरट असावी. बेडकास श्वासासाठीं वारंवार वर यावें लागतें. म्हणून पाण्याची खोली एक फुटाहून अधिक ठेवूं नये. दुकानांत मुठीएवढ्या कांचेच्या ठोकळ्यांत दोन बेडूक व एक रोप घालून तें ‘स्वयंपूर्ण घर’ म्हणून विकतात. तें मुळींच घेऊं नये. एवढ्याशा पाण्यांत घाण सांठते, आणि बेडूक जगतो तो केवळ त्याची सहनशक्ति संपेपर्यंत.

टाकीवर घट्ट झांकण अवश्य असावें. हा बेडूक पाण्यांतला असला तरी उडी मारण्याचें विसरलेला नाहीं. नळी आंत सोडण्यासाठीं ठेवलेल्या बोटभर फटींतूनही तो बाहेर पडतो, आणि सुक्या फरशीवर थोड्याच वेळांत त्याची कातडी वाळून तो मरतो. झांकणास हवेसाठीं बारीक भोंकें ठेवावींत, आणि पाण्याची पातळी कांठापासून तीन-चार बोटें खालीं ठेवावी.

तळाशीं बारीक वाळूचा थर द्यावा, किंवा बेडकाच्या तोंडांत मावणार नाहींत असे मोठे गुळगुळीत गोटे ठेवावेत. वाटाण्याएवढी अगर त्याहून लहान रंगीत खडी घालूं नये. अन्न ओढतांना खडा पोटांत जातो, आणि गोट्यांच्या फटींत अन्न कुजूं नये म्हणून तेही दाट रचूं नयेत. कोपऱ्यांत एखादें मातीचें लहान मडकें आडवें ठेवावें, म्हणजे भित्र्या प्राण्यास लपावयास जागा होते. पाणवनस्पति लावल्यास उत्तम. पाणी गाळण्यासाठीं हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर पुरेसा आहे. जोराच्या प्रवाहांत हा बेडूक थकून जातो.

पाणी

बेडूक आपल्यासारखा तोंडानें पाणी पीत नाहीं. त्याची पातळ कातडी पाणी शोषून घेते, आणि पाण्यांत जें जें विरघळलेलें असेल त्यांतील पुष्कळसें त्याच्या शरीरांत जातें. म्हणून पाण्याविषयीं निष्काळजीपणा करणें म्हणजे त्याच्या अंगांत विष टोंचण्यासारखें आहे. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन उडून जावा म्हणून तें उघड्या बादलींत एक-दोन दिवस ठेवावें. कांहीं शहरांत क्लोरामीन नांवाचें औषध घालतात, तें मात्र असें उडत नाहीं, त्यासाठीं दुकानांत मिळणारें क्लोरीननाशक द्रव्य वापरावें. माशांच्या रोगांवरील तांब्याचीं औषधें ह्या टाकींत कधींही घालूं नयेत. ज्या हातास साबण, तेल अगर डांसांचें मलम लागलें आहे तो हातही पाण्यांत बुडवूं नये.

नवी टाकी भरली कीं त्याच दिवशीं बेडूक सोडण्याची घाई मुलांना होते. येथें धीर धरावा. प्राण्यांच्या मलमूत्रापासून आणि कुजलेल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया तयार होतो, आणि तो घातक आहे. कांहीं उपयुक्त जंतु ह्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व पुढें नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानानें सौम्य. हे जंतु स्पंजावर व वाळूवर वस्ती करतात; परंतु त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधींत रिकाम्या टाकींत चिमूटभर अन्न कुजूं द्यावें, फिल्टर चालू ठेवावा, आणि दुकानांत मिळणाऱ्या तपासणीच्या द्रावणानें अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करूनच बेडूक आणावेत. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. स्पंज नळाखालीं धुऊं नये. टाकींतून काढलेल्या पाण्यांतच तो हलक्या हातानें पिळावा, नाहींतर कष्टानें जमविलेली जंतूंची वस्ती एका क्षणांत वाहून जाते.

पाण्याची उष्णता २२ ते २६ अंश सेल्सिअस असावी. आपल्याकडे थंडीपेक्षां उन्हाळ्याचीच भीति अधिक. चैत्र-वैशाखांत टाकी खिडकीपासून दूर, घरांतील सर्वांत गार कोपऱ्यांत ठेवावी. झांकणाऐवजीं बारीक जाळी घट्ट बसवून पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊं द्यावा. माठांतील पाणी ज्या कारणानें गार होतें त्याच कारणानें हेंही दोन-तीन अंशांनीं उतरतें. मात्र पाणी आटून कमी होईल तितकें रोज भरावें.

दोन वह्या

आतां माझ्या चुकीकडे वळतों. कांहीं वर्षांपूर्वीं प्रयोगशाळेंत आम्ही असे चार बेडूक आणले आणि गप्पी मासे असलेल्या टाकींतच सोडले. टाकी मोठी होती, पाणी स्वच्छ होतें. रोज सकाळीं प्रार्थनेपूर्वीं मी स्वतः चिमूटभर अन्न पाण्यावर टाकीत असें, आणि टाकीशेजारीं टांगलेल्या वहींत ‘अन्न घातलें’ असें लिहून खूण करीत असें. एकही दिवस चुकला नाहीं, ह्याचा मला थोडा अभिमानही होता.

पांचव्या आठवड्यांत एक बेडूक मेला. त्यानंतर आठ दिवसांनीं दुसरा गेला, आणि मग तिसरा. मीं पाणी तपासलें, दोष नव्हता. दुकानदाराकडे चौकशी केली. "हे नाजूकच असतात," असें तो म्हणाला, आणि तें उत्तर मला सोयीचें असल्यामुळें मीं मान्य केलें.

सातवीच्या वर्गांत त्या वेळीं एक अबोल मुलगी होती. वर्गांत ती कधीं हात वर करीत नसे. विचारलें तर खालीं मान घाली. मधल्या सुट्टींत ती प्रयोगशाळेंत येऊन टाकीसमोरच्या तिवईवर बसे. तिच्याकडे मीं फारसें लक्ष दिलें नव्हतें. तिसरा बेडूक मेला त्या दिवशीं तिनें माझ्यासमोर एक वही ठेवली. "सर, हें बघतां का?" एवढेंच ती म्हणाली.

त्या वहींत दहा दिवसांची नोंद होती. सकाळीं मी अन्न टाकीत असतां ती दाराशीं उभी राहून पाहत असे, हें मला तेव्हां कळलें. ‘सोमवार. सरांनीं अन्न टाकलें. मासे आले. लगेच संपलें. बेडूक तळाशीं होते. हलले नाहींत.’ ‘मंगळवार. एक बेडूक वर आला. श्वास घेऊन खालीं गेला. अन्न बाजूलाच होतें. त्याला कळलें नाहीं.’ ‘गुरुवार. एक कण खालीं पडला. बेडूक त्याच्याकडे हळूहळू गेला. माशानें आधीं खाल्ला.’ अशीं दहा पानें. शेवटच्या पानावर एकच ओळ होती : ‘बेडूक दहा दिवस जेवलेला मला दिसला नाहीं.’

मीं माझी वही काढून शेजारीं ठेवली. त्याच दहा दिवसांसमोर माझ्या अक्षरांत दहा वेळां ‘अन्न घातलें’ असें लिहिलेलें होतें. दोन्ही वह्या खऱ्या होत्या. बेडूक भरल्या ताटाशेजारीं उपाशी मेले होते, आणि तें ताट मी वाढीत होतों.

विद्यार्थ्यांनीं मघांचें वाक्य आठवावें. हा बेडूक मुख्यतः वासानें आणि हालचालीनें अन्न शोधतो. त्यास वेळ लागतो. पाण्यावर तरंगणारी कोरडी पापडी त्याच्या जगांत जवळजवळ नसतेच. माशांची नजर तीक्ष्ण आणि चाल चपळ. त्यांच्या पंगतींत ह्या प्राण्यास बसविणें म्हणजे त्यास उपाशी ठेवणें होय. ही गोष्ट मला शरीररचनेच्या रूपानें ठाऊक होती. मी ती वर्गांत शिकवीतही असें. परंतु अन्न टाकतांना मी माझ्या डोळ्यांनीं पाहत होतों, बेडकाच्या नाकानें नव्हे.

घांस

उरलेला बेडूक आम्हीं त्याच दिवशीं निराळ्या टाकींत ठेवला. त्या टाकींतील फिल्टरचा स्पंज जुन्या टाकींतलाच घेतला, म्हणून नव्या पाण्याचा धोका टळला. तो इतका रोडावला होता, कीं वरून पाहतां त्याचीं कमरेचीं हाडें दिसत होतीं. ‘ब्लडवर्म’ ह्या नांवानें गोठविलेल्या लाल अळ्या मिळतात. त्या चिलटांच्या जातीच्या, न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या होत. एक अळी पाण्यांत विरघळवून ड्रॉपरमध्यें घेतली आणि बेडकाच्या नाकापुढें हळूच सोडली. कांहीं घडलें नाहीं. पुन्हां सोडली. त्यानें पुढचे हात हलविले, मान इकडेतिकडे केली, आणि एकाएकीं अळी नाहींशी झाली. तोंड केव्हां उघडलें व केव्हां मिटलें तें कोणासच दिसलें नाहीं. त्या मुलीनें मात्र वहींत लिहिलें : ‘जेवला.’

त्या दिवसापासून आम्ही जी पद्धत पाळतों ती अशी :

पहिली गोष्ट, अन्न मांसाहारी व मऊ असावें. लाल अळ्या, डॅफ्निया नांवाच्या पाणपिसवा, आर्टेमिया नांवाची अतिसूक्ष्म कोळंबी, आणि स्वच्छ जागीं सांपडलेल्या गांडुळाचे अगदीं बारीक तुकडे हीं चांगलीं खाद्यें होत. डांसांच्या अळ्याही त्यास फार आवडतात. मात्र गटारांतल्या आणूं नयेत, आणि टाकलेल्या अळ्या खाऊन संपल्या कीं नाहीं हें पाहावें, नाहींतर बेडकाचें जेवण राहून घरांत डांस मात्र वाढतील. एकाच खाद्यावर ठेवूं नये. आलटून पालटून द्यावें. भात, पोळी, बिस्किटें हीं त्याचीं अन्नें नव्हेत.

दुसरी गोष्ट, गोठविलेलें अन्न वाटींतल्या पाण्यांत पूर्ण विरघळवून, तें पाणी ओतून टाकून मगच द्यावें.

तिसरी गोष्ट, जागा आणि वेळ ठरलेली असावी. आम्ही टाकीच्या तळाशीं, पुढील कांचेजवळ, एक नवी कोरी मातीची पणती ठेवली आहे. ड्रॉपरनें अन्न त्या पणतींतच सोडतों. पणतीमुळें अन्न वाळूंत पसरत नाहीं, वास एके ठिकाणीं राहतो, आणि बेडूकही थोड्या दिवसांत जागा ओळखूं लागतात. आतां ड्रॉपर पाण्यांत शिरला, कीं चौघेही पणतीभोवतीं जमतात.

चौथी गोष्ट, प्रमाण. वाढत्या वयाच्या बेडकास रोज, आणि मोठ्यास एक दिवसाआड द्यावें. पंधरावीस मिनिटांत संपेल इतकेंच द्यावें व उरलेलें ड्रॉपरनें काढून घ्यावें. चांगल्या पोसलेल्या बेडकाचें पोट वरून पाहतां किंचित् गोल दिसतें. कमरेचीं हाडें दिसूं लागलीं तर तो उपाशी आहे. सर्व अंग फुग्यासारखें फुगलें तर तो आजार आहे, जेवणाची तृप्ति नव्हे. अशा वेळीं अन्न वाढवूं नये, त्यास वेगळा ठेवून प्राण्यांच्या डॉक्टरांस विचारावें.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अन्न घातल्यावर निघून जाऊं नये. प्रत्येक बेडकाच्या तोंडांत निदान एक घांस गेलेला डोळ्यांनीं पाहावा, आणि मगच उठावें.

अधूनमधून बेडकाच्या अंगावरून धुरकट पापुद्रा सुटतांना दिसेल. घाबरूं नये, तो कात टाकीत आहे, आणि बहुधा तीच कात तो खाऊन टाकील. सायंकाळीं टाकीजवळ मंद गुणगुण ऐकूं आली तर ती नराची हांक समजावी. वाढ झालेल्या नराच्या काखेमागें लहान फिकट गांठ असते. जोडी जमली तर नर मादीस कमरेशीं धरतो आणि दोघें पाण्याच्या पृष्ठभागाशीं कोलांटी घेऊन अंडीं सोडतात. इतर बेडकांचीं बहुतेक पिलें शेवाळ खरवडून अगर पाणी गाळून पोट भरतात. ह्यांचें पिलूं मात्र जन्मल्यापासून शिकारी असतें, आणि इवल्या जिवंत जलकीटकांस ओढून घेतें. हीं पिलें वाढविणें कठीण आहे. त्याचा प्रयत्न पहिल्या वर्षीं करूं नये.

पालकांस दोन शब्द

बेडूक हातांत घेऊन खेळण्याचा प्राणी नव्हे. तो पाहण्याचा प्राणी आहे. आपल्या हातांच्या उष्णतेनें व क्षारांनीं त्यास इजा होते. आणि त्याच्याकडून आपल्यासही अपाय होऊं शकतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००८ ते २०११ ह्या काळांत ‘सॅल्मोनेला’ जंतूंची एक सांथ ह्याच बुटक्या बेडकांपासून पसरली. ३७६ जणांस बाधा झाली आणि त्यांतील बहुसंख्य दहा वर्षांखालील मुलें होतीं. बेडूक आजारी दिसत नसला तरी हे जंतु त्याच्या टाकीच्या पाण्यांत असूं शकतात. म्हणून पाण्यास हात लागला, कीं साबणानें हात धुवावेत. टाकीचीं भांडीं स्वयंपाकघराच्या मोरींत घांसूं नयेत. आणि पांच वर्षांखालील मुलांस टाकीच्या पाण्यास हात लावूं देऊं नये. एवढी काळजी घेतल्यास भीतीचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट, कंटाळा आला म्हणून हा बेडूक ओढ्यांत, विहिरींत किंवा तळ्यांत कधींही सोडूं नये. बेडकांच्या कातडीस होणाऱ्या ‘कायट्रिड’ बुरशीनें जगांतील अनेक जाती नष्ट केल्या आहेत; परदेशी बेडकांच्या व्यापाराबरोबर ती पसरते, आणि आपल्या सह्याद्रींतील बेडकांतही ती आढळली आहे. आंबोलीसारख्या ठिकाणीं असे कांहीं चिमुकले बेडूक आहेत, कीं जे जगांत अन्यत्र सांपडत नाहींत. आपल्या टाकींतील एका बादलीभर पाण्यापायीं त्यांच्यावर संकट येऊं नये. टाकींतून काढलेलें पाणीही ओढ्यांत ओतूं नये.

मूल हट्ट करतें आणि आपण बेडूक आणून देतों. पण त्या दिवशीं आपण पांच वर्षांचा शब्द देत असतों. उन्हाळ्याच्या सुट्टींत गांवीं जातांना त्याचें कोण पाहील, हा प्रश्न खरेदीपूर्वीं सोडवावा. मोठा बेडूक तीन-चार दिवस अन्नावांचून सहज राहतो. म्हणून लहान गैरहजेरीसाठीं ‘पुरून उरेल’ असें म्हणून मूठभर अन्न टाकून जाऊं नये. तें कुजून पाणी बिघडतें. लांबच्या सुट्टींत मात्र शेजाऱ्यांस ड्रॉपर कसा धरावयाचा हें शिकवूनच निघावें.

शेवटीं

उपाशी राहिलेला तो चौथा बेडूक वांचला. पुढें त्यास तीन सोबती आणले, आणि आज चार वर्षांनंतरही तो पणतीजवळ सर्वांच्या आधीं येतो. ती मुलगी शाळा सोडून गेली आहे. पण तिची वही व माझी वही एकाच दोऱ्यानें बांधून प्रयोगशाळेच्या कपाटांत ठेवलेल्या आहेत. ज्याच्याकडे टाकीचें काम येतें त्यास प्रथम त्या दोन्ही वाचावयास देतों. मी स्वतःही कधीं कधीं त्या काढून पाहतों. वर्गांत रोज तास घेऊन ‘धडा झाला’ असें मी लिहितों; परंतु शेवटच्या बांकावर खालीं मान घालून बसलेल्या मुलापर्यंत त्यांतला एक तरी घांस पोंचला कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं मी किती वेळ थांबतों, असा प्रश्न त्या वह्या मला विचारतात.

टाकीशेजारच्या नव्या वहींत आतां दोन रकाने आहेत : ‘घातलें’ आणि ‘खाल्लें’. पहिला रकाना भरण्यास अर्धें मिनिट पुरतें. दुसऱ्यास वीस मिनिटें बसावें लागतें. ज्या विद्यार्थ्यांना तेवढा वेळ बसण्याची तयारी असेल त्यांनीं मधल्या सुट्टींत अवश्य यावें. तिवई अजून तेथेंच आहे.